बर्ली: पाइपच्या तंबाखूची चव आणि वास

श्रोतेहो, नमस्कार.

तंबाखू म्हटलं की मराठवाड्यात हात आधी चुन्याच्या डबीकडे जातो. पाइप ओढणारे आपल्याकडे मोजकेच. पण पाइपमधली बर्ली, म्हणजे तंबाखूची एक जात, समजून घ्यायला तीच डबी कामाला येते. चुना अल्कधर्मी असतो, तो मळला की पानातलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतूनच रक्तात उतरतं. बर्लीच्या धुराचा कल मुळात त्याच बाजूचा, कारण या पानात साखर जवळजवळ नसतेच. सिगारेटच्या व्हर्जिनिया पानात ती पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत असते, म्हणून तो धूर आम्लाकडे झुकतो आणि छातीत ओढल्याशिवाय 'लागत' नाही. बर्ली तोंडातल्या तोंडात लागते.

मग बर्लीतली साखर जाते कुठे? व्हर्जिनिया भट्टीच्या उष्णतेनं आठवडाभरात वाळवतात, त्यामुळे साखर आत कोंडली जाते. बर्ली मात्र सावलीत, हवेशीर शेडमध्ये चार ते आठ आठवडे टांगून ठेवतात. तोडल्यानंतरही पान बरेच दिवस जिवंत असतं, श्वास घेतं आणि स्वतःचीच साखर खाऊन टाकतं. त्यासाठी हवेत साधारण 65 ते 70 टक्के दमटपणा लागतो. हवा फार कोरडी असली तर पान मरायच्या आधीच वाळतं, हिरवट-पिवळे डाग राहतात आणि धूर घशाला बोचतो. फार दमट असली तर पान शेडमध्येच कुजतं. आपल्याकडची मार्च-एप्रिलची हवा या कामाची नाही. पांढरी बर्ली 1864 साली अमेरिकेत, ओहायोच्या ब्राउन काउंटीत वेगळी फिकट रोपं म्हणून लक्षात आली. भारतात ती आंध्रात होते, विनुकोंडा भागात आणि गोदावरीच्या एजन्सी पट्ट्यात, म्हणजे तिथल्या डोंगराळ आदिवासी भागात.

आता चव. नुसती बर्ली गोड नसते. भाजलेल्या शेंगदाण्याचं साल, बिनसाखरेचा कोको, कोरडं लाकूड, असा तिचा सूर. पण कारखान्यातून येणारी बर्ली सहसा नुसती नसते. पान सच्छिद्र असल्यामुळे पाक चांगला पिऊन घेतं. साखर, ज्येष्ठमध, कोको यांचा पाक पाजून पान गरम हवेत शेकतात. पानात अमोनिया आणि अमिनो आम्लं भरपूर असतात. पाकातल्या साखरेशी उष्णतेत त्यांची गाठ पडली की पायराझिन नावाची द्रव्यं तयार होतात. कढईत शेंगदाणे भाजताना घरभर जो वास सुटतो, तो याच कुळातला. म्हणजे बर्लीचा 'शेंगदाणा' थोडा पानाचा आणि बराचसा शेकणाऱ्याचा!

शेवटी वरून व्हॅनिला, रम किंवा चेरीचा अर्क फवारतात. डबी उघडल्यावर नाकात शिरतो तो हा फवारा, आणि नवखा माणूस फसतो तो इथेच. हा वास उडून जाणारा. पाइपचा पहिला एक तृतीयांश हिस्सा जळेपर्यंत तो विरतो आणि खाली खरी बर्ली उरते. म्हणून मिश्रणाची पारख डबीच्या वासावर करू नये, अर्ध्या पाइपनंतर करावी. कुठल्या कंपनीचं मिश्रण चांगलं, हे मात्र विचारू नका. तंबाखूची जाहिरात 2003 च्या कायद्यानं बंद आहे आणि माइकवर नाव घेतलं की ती जाहिरातच.

चव बिघडते ती बहुतेक वेळा ओलाव्यापायी. ओढण्याजोग्या तंबाखूत बारा ते चौदा टक्के ओलावा पुरतो, डबीत तो बरेचदा जास्त असतो. ओली तंबाखू पाइपात गुरगुरते, वाफ होऊन जीभ भाजते आणि शेंगदाण्याचा पत्ता लागत नाही. चिमूटभर घेऊन दाबा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे, चुरा झाला तर वाळली, हळूहळू सुटी झाली तर बरोबर. ओली असली तर कागदावर पसरून वाळवा. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात अशी पसरलेली तंबाखू बघता बघता कडक होते, तेव्हा जागचं हलू नका. प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे ओलावा धरून ठेवणारं द्रव्य, घातलेलं मिश्रण मात्र त्या उन्हाळ्यातही ओलसर राहतं, ते कोरडं करायच्या नादी लागू नये.

फार वाळलीच तर काचेच्या वाडग्यात पसरा, तोंडावर घट्ट पिळलेलं ओलं फडकं ताणून बांधा. फडकं तंबाखूला टेकू देऊ नका. दर तासाला हलवून पाहा. सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड टाकायचा सल्ला सर्रास देतात, पण त्यानं बुरशी येते. बुरशी आली, कुबट वास आला, की सगळी बरणी फेकायची. पावसाळ्यात रबरी कडीची काचेची बरणी हवी, फ्रिज नको.

भरताना तळाशी सैल, वर थोडी घट्ट. न पेटवता ओढून पाहा, हवा सहज आली पाहिजे. पहिल्या काडीला तंबाखू फुगून वर येते, ती हलकेच दाबून दुसरी काडी लावायची. भराभर ओढलं की बर्ली कडवट होते.

रिकाम्या पोटी बर्ली ओढली तर लागते: उचकी, घाम, मळमळ. तसं झालं की पाइप ठेवून द्या, गुळाचा खडा आणि पाणी घ्या. आणखी एक गोष्ट गोड वासाखाली झाकली जाते. बर्लीत नायट्रेट जास्त, त्यामुळे कॅन्सरकारक नायट्रोसमाइन्सही व्हर्जिनियापेक्षा जास्त बनतात. धूर छातीत घेतला नाही तरी ओठ, जीभ, घसा त्याच्या वाटेवरच असतात.

शेवटचं पाइपबद्दल. पाइपच्या वाडग्याच्या आत, जिथे तंबाखू जळते तिथे, काजळीचा थर दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवा. जाड झाला तर तापून फुगतो आणि लाकूड तडकतं. चेरी-व्हॅनिलाचा वास या थरात मुरतो, म्हणून साध्या बर्लीसाठी पाइप वेगळाच ठेवावा.