तपकिरी वायरचा घोळ

नमस्कार मंडळी! आज लॅन केबलबद्दल बोलू, म्हणजे राऊटरच्या खोक्यात एक छोटीशी वायर गुंडाळून येते ना, दोन्ही टोकांना पारदर्शक जॅक असलेली, जी आपण तशीच माळ्यावर टाकतो, ती.

आमचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, राऊटर हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती, त्यातली एक जुन्या बांधकामाची चांगली जाडजूड, त्यामुळे वायफाय यायचं पण रडत रडत. मीटिंगमध्ये नेमकं माझं तोंड उघडं असताना चित्र अडकायचं आणि पलीकडचे सगळे तेच बघत बसायचे. शेवटी म्हटलं वायरच टाकू. नेटवाल्या पोराने खिडकीच्या भोकातून वायर ओवली, जागेवरच जॅक क्रिंप केले, म्हणजे पकडीने दाबून वायरीला बसवले, कॉम्प्युटरला लावताच टक्क आवाज आला, हिरवा लाईट लागला, मी खूश.

पण प्लॅन 200 एमबीपीएसचा (नेटचा वेग मोजायचं माप) आणि स्पीड 94! सकाळी 94, रात्री 94, हलेचना. पोरगा म्हणाला, काका तुमचा कॉम्प्युटर जुना झालाय. आता मला सांगा, नेट खराब असतं तर आकडा खालीवर झाला असता की नाही? हा तर खिळा ठोकल्यासारखा एकाच जागी!

झालं होतं असं की या केबलच्या पोटात आठ बारीक वायरी असतात, पिळ घातलेल्या चार जोड्या. 100 च्या स्पीडला दोनच जोड्या पुरतात, 1000 ला चारही लागतात. त्या जास्तीच्या दोन जोड्यांतली एक जरी वायर नीट टेकली नाही तरी राऊटर आणि कॉम्प्युटर आपसात गुपचूप 100 वर तडजोड करतात, लाईट लागतो, नेट चालतं, तक्रार कोणीच करत नाही. विंडोजमध्ये इथरनेटच्या (म्हणजे वायरच्या जोडणीच्या) माहितीत लिंक स्पीड बघा, तिथे 100 दिसलं की समजायचं. मात्र काही स्वस्त राऊटरचे पोर्टच 100 चे असतात, मग वायर सोन्याची आणली तरी काय उपयोग.

मी जॅक उजेडात धरून बघितला तर शेवटची तपकिरी वायर पुढे टोकापर्यंत पोचलीच नव्हती! रंग लिहून घ्या, पेन शोधा, थांबतो. जॅकचा खटका मागे, पितळी पट्ट्या आपल्याकडे, वायर खाली, आता डावीकडून: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. जॅक कापून नवा बसवला आणि लिंक स्पीड 1000.

नवी वायर घेणार असाल तर कॅट 5ई (केबलचा एक साधा प्रकार) सुद्धा घरात भरपूर झाली, 100 मीटरपर्यंत चालते, फक्त अस्सल तांब्याची मागा. स्वस्तातल्या बऱ्याच वायरीत आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो, दोनचारदा वाकवली की तुटते. ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरट दिसलं की परत करा, दुकानदार कुरकुरला तरी.

आणि हो, एक राहिलंच, गच्चीवरून तांब्याची वायर येत असेल तर विजा कडाडायच्या आधीच राऊटरमधून काढून ठेवा, फायबर काचेचं असतं त्यातून करंट येत नाही, पण राऊटरचा पॉवरचा प्लग तेव्हाही काढाच.