लांडगा, मेंढका आणि कायदा

श्रोतेहो, नमस्कार. कर्नाटकातल्या अथणी-रायबागकडच्या माळावर ज्यांनी धनगरांचा तळ पाहिला आहे, त्यांना रात्रीची मांडणी ठाऊक असेल: भोवती वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, ताणलेली, आत मेंढ्या, नुकती जन्मलेली कोकरे डालग्याखाली आणि कडेला कुत्री. वाघर जिथे सैल पडली असेल, नेमका तिथूनच लांडगा शिरतो आणि कोकरू उचलून नेतो. सकाळी भरपाईसाठी पंचनामा करायचा तर मेलेले जनावर दाखवा म्हणतात, आणि अर्ज कन्नडमधून लिहून देणारा कोणीतरी गाठावा लागतो तो वेगळाच. अशा मेंढक्याने ‘या जनावराचे संरक्षण काढा’ म्हटले, तर त्याला निसर्गाचा वैरी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्याची मागणी मात्र मला मान्य नाही.

संरक्षण काढले की काय होते, ते पाहा. अमेरिकेने जानेवारी 2021 मध्ये बहुतेक राज्यांतील करड्या लांडग्यांचे केंद्रीय संरक्षण काढले. पुढच्याच महिन्यात विस्कॉन्सिन राज्यात शिकार खुली झाली. परवानाधारक शिकाऱ्यांना 119 लांडग्यांची मर्यादा घातलेली असताना तीन दिवसही पुरे होण्याआधी 218 लांडगे मारले गेले, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये न्यायालयाला ते संरक्षण पुन्हा लागू करावे लागले. युरोपीय संघानेही 2025 मध्ये लांडग्याच्या संरक्षणाचा दर्जा एक पायरी खाली आणला. पण तिथे लांडगे 20,000 हून अधिक आहेत.

आपल्याकडचे भारतीय लांडगे सुमारे 3,000, म्हणजे 2022 च्या गणनेतील 3,682 वाघांहूनही कमीच. संख्या वाढली म्हणून संरक्षण नको, हा तिकडचा युक्तिवाद इथे उभाच राहत नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, लांडगा असला, तरी माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या जनावराबाबत कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षकाला शिकारीची परवानगी देता येतेच.

खरी उणीव निराळी आहे. कायदा लांडग्याला जपतो, पण तो ज्यावर जगतो तो माळ कागदोपत्री पडीक म्हणून गणला जातो आणि उसाखाली किंवा प्लॉटांखाली जातो. कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला लांडग्यांसाठी छोटेसे अभयारण्य झाले, ही चांगली गोष्ट. परंतु आपले लांडगे आणि आपले धनगर एकाच उरल्यासुरल्या माळावर फिरतात. तेव्हा आधी पंचनाम्याची रीत बदलावी: मेलेले कोकरू मिळाले नाही, तर मातीतले पंजांचे ठसे आणि शेजारच्या तळाची साक्ष ग्राह्य धरावी, आणि पैसे पुढच्या पावसाळ्याआधी मेंढक्याच्या हाती पडावेत.