जे आजारी पडले नाहीत, त्यांना विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, एका समारंभात तुम्ही जेवून आलात. रात्रीतून बऱ्याच जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी आरोग्य विभागातून फोन आला तो तुम्हाला. तुम्ही तर ठणठणीत आहात. तुम्ही म्हणता, "अहो, मला काहीच झालेलं नाही, जे आजारी आहेत त्यांना विचारा ना!" आणि फोन ठेवून देता. आज मला बोलायचंय ते या ठेवून दिलेल्या फोनबद्दल. अन्नातून झालेल्या विषबाधेच्या तपासात मी सगळ्यात मोलाची मानते ती धडधाकट माणसाची साक्ष.

एक जुना तपास सांगते. साथरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो आजही सोडवायला देतात. १८ एप्रिल १९४०. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्विगो परगण्यात एका चर्चमध्ये संध्याकाळचं सामुदायिक जेवण होतं. ८० जण जेवले. त्याच रात्री माणसं पोट धरून आडवी व्हायला लागली. तपास करणाऱ्यांना ७५ जणांशी बोलता आलं, आणि त्यांतले ४६ आजारी निघाले.

आता या ४६ जणांनाच विचारलं की काय खाल्लं, तर २९ जण सांगतात, हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस. संशय लगेच मांसावर जातो. पण जो पदार्थ बहुतेकांनी वाढून घेतला, तो बहुतेक आजाऱ्यांच्याही पोटात असणारच की! म्हणून दुसरा रकाना उघडावा लागतो, न खाल्लेल्यांचा. मांस खाल्लेलेही योगायोगाने ४६ च, त्यांपैकी २९ आजारी, म्हणजे शंभरात ६३. न खाल्लेल्या २९ जणांपैकी १७, म्हणजे शंभरात ५९. खाल्लं काय आणि न खाल्लं काय, सारखंच. मांसावरचा संशय फिटला.

व्हॅनिला आइस्क्रीमचे आकडे मात्र नीट ऐका. खाल्लेले ५४, त्यांतले ४३ आजारी, म्हणजे शंभरात जवळपास ८०. न खाल्लेले २१, त्यांतले आजारी फक्त ३, म्हणजे शंभरात १४. आइस्क्रीमला हात न लावलेली आणि बरी राहिलेली ती १८ माणसं फोनवर "मला काही झालं नाही" एवढंच म्हणून थांबली असती, तर हा फरक दिसलाच नसता.

मग ते तिघे का आजारी पडले, असं तुमच्या मनात आलं असेल. असे अपवाद जवळपास प्रत्येक तपासात निघतात. कुणी दुसऱ्याच्या वाटीतला एक चमचा चाखून विसरतं, कुणाचं पोट भलत्याच कारणाने बिघडलेलं असतं. म्हणून मोजणीआधीच ठरवून घेतात की रुग्ण कुणाला म्हणायचं: कोणती लक्षणं, कुठे जेवलेला, किती वेळात आजारी पडलेला. ही व्याख्या ढिली राहिली की पुढचं गणितही ढिलं पडतं.

वेळही बोलते. ऑस्विगोत एक मूल दुपारी ३ वाजताच आजारी पडलं होतं, जेवणाच्या पंगती बसायच्याही आधी. तपासात ते कोड्यासारखं वाटलं असतं, पण त्याने सकाळी ११ वाजता तेच आइस्क्रीम खाल्लं होतं. मधे गेले चार तास. इतक्या लवकर उलट्या होतात तेव्हा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूने अन्नात आधीच तयार करून ठेवलेल्या विषाकडे बोट जातं. साल्मोनेला हा दुसरा जंतू बहुधा अर्धा ते दीड दिवस घेतो. अ प्रकारच्या काविळीला तर सरासरी चार आठवडे लागतात, तेव्हा त्या जेवणात काय होतं हे कुणाला आठवणार? त्या आइस्क्रीमचं मिश्रण आदल्या दिवशी शिजवून रात्रभर चर्चच्या तळघरात ठेवलेलं होतं. स्टॅफिलोकोकसचं विष एकदा तयार झालं की उकळूनही जात नाही. "परत गरम करून घेतलं की झालं" असं आपण सहज म्हणतो. इथे ते लागू पडत नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा.

बऱ्या माणसांना विचारण्याची ही पद्धत १९४० पेक्षाही जुनी आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटभोवती कॉलऱ्याने थैमान घातलं, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांना संशय होता तो त्या रस्त्यावरच्या पाण्याच्या पंपाचा. ते मृतांच्या घरी गेले, तसेच जिथे मृत्यू झाले नव्हते तिथेही गेले. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमगृहात ५३५ माणसं राहत होती, आणि कॉलऱ्याने गेली फक्त पाच. आश्रमगृहाची स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार सत्तरच्या वर, त्यांच्यात एकही मृत्यू नाही. ते रस्त्यावरच्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. पंपावरचा संशय पक्का करायला ही वाचलेली माणसं फार उपयोगी पडली.

पण माणसाच्या आठवणीला मर्यादा आहे, हेही सांगायला हवं. मे २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. ३,८०० च्या आसपास लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. सुरुवातीच्या चौकशीत रुग्णांनी टोमॅटो, काकडी, लेट्यूस सांगितलं. स्पेनच्या काकडीवर आळ आला आणि तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. दोष काकडीचा नव्हताच. खाणं आणि आजार यांच्यात साधारण आठ दिवस जात होते, आणि ताटात शोभेला टाकलेले चार कोंब, म्हणजे मोड आलेल्या बिया, कोण लक्षात ठेवतो?

तेव्हा तपास करणाऱ्यांनी एक फार चांगली गोष्ट केली. एकाच रेस्टॉरंटमध्ये जेवलेले गट शोधले, आजारी आणि बरे दोन्ही. कुणी कोणता पदार्थ मागवला ते त्यांना विचारलं, आणि त्या पदार्थात नेमकं काय काय पडतं ते स्वयंपाकघरातून घेतलं. आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या ताटात कोंब वाढले गेले होते. तिथून माग लोअर सॅक्सनीतल्या कोंब पिकवणाऱ्या एका शेतापर्यंत गेला, आणि पुढे इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत.