720°: मध्य नसलेली स्टिक

(दृश्य: आर्केड मशीनच्या पॅनेलवरची स्टिक, अगदी जवळून. एक हात ती फिरवतोय.)

ही स्टिक नीट बघा. नेहमीची जॉयस्टिक सोडली की आपोआप मध्ये येऊन सरळ उभी राहते. ही येत नाही, कारण हिला मध्यच नाही. ती कायम एका अंगाला कललेली असते आणि फक्त गोल फिरते, जात्याच्या खुंट्यासारखी. ढकलणं नाही, ओढणं नाही. फिरवायची, एवढंच.

1986 साली अटारी गेम्स या कंपनीनं ही स्टिक एका आर्केड गेमला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनला लावली. गेमचं नाव 720°. सेव्हन ट्वेंटी डिग्रीज. स्केटबोर्डवरून हवेत उडायचं, स्वतःभोवती दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या आणि परत चाकांवर उतरायचं. उडणं तसं लवकर जमतं. उतरण्यात सगळा गेम आहे.

नावातली कसरत तेव्हा अगदी ताजी होती. 1985 मध्ये टोनी हॉक नावाच्या, विशीही न गाठलेल्या एका पोरानं रॅम्पवर ती पहिल्यांदा करून दाखवली होती. पुढं याच हॉकच्या नावानं अख्खी गेमची मालिका निघाली, पण तिच्याकडं नंतर येऊ. 1986 मध्ये 720 म्हणजे स्केटबोर्डवाल्यांच्या जगातली सर्वांत मोठी बढाई होती, आणि ती या गेमनं थेट पाटीवर लिहून टाकली.

(दृश्य: कॅलिफोर्नियातले रिकामे स्विमिंग पूल, जुनी छायाचित्रं.)

थोडं मागं जाऊ. स्केटबोर्डची चाकं आधी धातूची, मग मातीच्या मिश्रणाची असायची. वाटेत लहानसा खडा आला तरी पोरगं तोंडावर. सत्तरच्या दशकात पॉलियुरेथेनची चाकं आली. ही चाकं रस्ता धरून ठेवायची. त्यात 1976-77 मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, बंगल्यांमागचे स्विमिंग पूल कोरडे राहिले आणि पोरं कुंपणं ओलांडून त्या गोलाईदार भिंतींवर चाकं चढवू लागली. मालक कामावर गेले की पूल पोरांचा. मग पैसे घेऊन आत सोडणारी स्केटपार्कं निघाली. हातपाय मोडले, दावे झाले, विम्याचे हप्ते परवडेनात, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यातली बरीचशी बंद पडली. पोरं पुन्हा रस्त्यावर आली. फुटपाथची कड, पायऱ्यांचा कठडा, परसात प्लायवूड ठोकून केलेला रॅम्प, जे मिळेल ते.

720° मधलं शहर हेच आहे. त्याचं नाव स्केट सिटी. शहरात 4 पार्कं आहेत, पण ती तिकिटाशिवाय उघडत नाहीत. तिकीट मिळतं गुण जमवून, आणि गुण जमवायचे ते रस्त्यावर, लोकांच्या पायांतून, गाड्या चुकवत. स्केटबोर्डवाल्यांची त्या काळातली अवस्था नियमांतच बसवलेली आहे. बनवणाऱ्यांनी हे एवढा विचार करून केलं असेल असं मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण बसलंय मात्र चपखल.

बनवणारे होते जॉन सॅल्विट्झ आणि डेव्ह रॉल्स्टन. आदल्या वर्षी याच जोडीनं पेपरबॉय केला होता. सायकलवरून घरोघरी पेपर टाकणारा मुलगा, आणि मशीनला जॉयस्टिकऐवजी चक्क सायकलचं हँडल. ज्या वस्तूवर बसून हा माणूस फिरतोय तिचा काहीतरी अंश खेळणाऱ्याच्या हातात आला पाहिजे, ही त्यांची खोड. स्केटबोर्डला तर हँडल नसतं. मग काय द्यायचं हातात? त्यांनी गिरकीच हातात दिली.

(दृश्य: अख्खं कॅबिनेट. कॅमेरा खालून वर जातो.)

कॅबिनेट उंच, आणि माथ्यावर भलामोठा बूमबॉक्स. खांद्यावर टेपरेकॉर्डर घेऊन हिंडायचा तो जमाना. आवाज तिथून यायचा, म्हणजे खेळणाऱ्याच्या डोक्यावरून. गर्दीच्या आर्केडमध्ये मशीन दिसण्याआधी ऐकू यायचं.

आता हात ठेवू. स्टिकच्या जोडीला दोन बटणं, एक पायानं रेटा द्यायचं आणि एक उडीचं. स्टिक जिकडे वळेल तिकडे पडद्यावरचं पोरगं वळतं. आतमध्ये दाते असलेली चकती आहे, तिच्यावर प्रकाश पाडून मशीन दाते मोजतं आणि स्टिक किती आणि किती वेगानं फिरली ते ओळखतं. जमिनीवर हे वळण. पण रॅम्पवरून उडी मारली की त्याच हालचालीचा अर्थ बदलतो. आता स्टिक फिरली की पोरगं हवेत स्वतःभोवती फिरतं. हळू फिरवा, हळू फिरेल. गरगर फिरवा, गरगर फिरेल. उतरताना बोर्डाचं तोंड जायच्या दिशेला नसेल तर आपटलाच.

म्हणजे करायचं काय, तर अर्ध्या-पाऊण सेकंदात मनगटानं स्टिक गरागरा फिरवायची आणि नेमक्या जागी थांबवायची. डोळे पडद्यावर, त्यामुळे स्टिक कुठे आहे ते हातालाच कळलं पाहिजे. मध्य नसल्यामुळे हात कधी विसावत नाही. पहिल्या दिवशी हे अशक्य वाटावं असंच आहे. पण स्टिकला वजन आहे, अटकाव आहे, आणि हात हळूहळू ते शिकतो. मला हा गेम अवघड असूनही प्रामाणिक वाटतो तो यामुळे. चुकलं तर का चुकलं ते मनगटाला आधी कळतं, डोळ्यांना नंतर.

पार्कांमध्ये 4 प्रकार. रॅम्पवर अर्धगोल भिंतींमधून वर-वर उडायचं. डाउनहिलमध्ये उतारावरून शेवटच्या रेषेपर्यंत धाव. स्लॅलममध्ये झेंड्यांच्या जोड्यांमधून वाट काढायची, आणि हे झेंडे म्हणजे डोक्याला ताप. जंपमध्ये उडी मारून जमिनीवरच्या गोल निशाणावर उतरायचं. पदक मिळालं की पैसे मिळतात, पैशातून शहरातल्या दुकानांत हेल्मेट, पॅड, बूट, नवा बोर्ड घ्यायचा. चारही पार्कं झाली की पुढचा वर्ग, तीच पार्कं आणखी अवघड. असे 4 वर्ग, एकूण 16 टप्पे.

आणि या सगळ्यावर घड्याळ.

(दृश्य: घड्याळ शून्यावर. आवाज: “स्केट ऑर डाय!” दोन सेकंद निवेदन बंद.)

स्केट कर नाहीतर मर. बूमबॉक्समधून ही आरोळी आली की पडद्यावर मधमाश्यांचं मोहोळ उठतं. सगळं संपलं असं अजून नाही. तिकीट हातात असेल आणि पार्क जवळ असेल तर पळून आत शिरता येतं. पण जितका वेळ लावाल तितक्या माश्या वेगानं येतात, आणि शेवटी इतक्या वेगानं की सुटका नाही.

माश्याच का? पोलीस का नाहीत, कुत्री का नाहीत? त्या काळातल्या अमेरिकेत ‘किलर बी’ ही घराघरातली भीती होती. 1957 मध्ये ब्राझीलमधल्या प्रयोगातून आफ्रिकी वंशाच्या मधमाश्या निसटल्या, स्थानिक माश्यांशी त्यांचा संकर झाला, आणि तो वाण वर्षागणिक उत्तरेकडे सरकत होता. बातम्या, सिनेमे, नकाशे, सगळीकडे एकच, त्या येताहेत. प्रत्यक्षात त्या टेक्सासमध्ये पोचल्या 1990 मध्ये. आर्केडमध्ये चार वर्षं आधीच आल्या होत्या.

दुसरं कारण साध्या हिशेबाचं. मशीन नाण्यावर चालायचं. एकाच नाण्यावर कुणी तासभर शहरात भटकत बसला तर मालकाचं काय? म्हणून रेंगाळणाऱ्याच्या मागं काहीतरी लावून द्यायची पद्धत आर्केडमध्ये जुनीच होती. 1980 च्या बर्झर्कमध्ये एक हसरा गोल चेहरा उड्या मारत मागं लागायचा आणि त्याला मारताच यायचं नाही. माश्या त्याच घराण्यातल्या. माश्यांनी गाठलं तरी आणखी नाणं टाकलं की गेम तिथूनच पुढं, कमावलेला बोर्ड आणि बूट शाबूत. या मोहावर किती पोरांचा खाऊचा पैसा गेला असेल!

आरोळीचं पुढं असं झालं, की 1987 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं स्केट ऑर डाय याच नावाचा वेगळा गेम काढला, आणि आज बहुतेकांना ते तीन शब्द त्याचेच वाटतात.

(दृश्य: जुन्या घरगुती संगणकांच्या जाहिराती.)

मग 720° घरी आला, आणि इथं गोची झाली. 1987 मध्ये कॉमोडोर 64 आणि स्पेक्ट्रम या घरगुती संगणकांवर, 1989 मध्ये निंटेंडो या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर. शहर आलं, पार्कं आली, माश्या तर न विसरता आल्या. स्टिक आली नाही. कॉमोडोरची जॉयस्टिक आठ दिशांची, बटण एकच. निंटेंडोला अधिकच्या चिन्हासारखं पॅड. ज्या हालचालीवर गेम उभा होता तीच वगळली, आणि मागं उरलं घड्याळ व मोहोळ. 2003 मध्ये मिडवे कंपनीनं जुन्या आर्केड गेमच्या संग्रहात हा गेम मूळ स्वरूपात दिला. तोवर प्लेस्टेशन 2 च्या कंट्रोलरवर अंगठ्यानं गोल फिरणारी स्टिक आली होती, त्यामुळे थोडं बरं. पण तीही सोडली की मध्येच येते. त्याच वर्षी मिलपिटास, कॅलिफोर्नियातला तो जुना अटारी गेम्सचा स्टुडिओ, तेव्हा मिडवेचाच झालेला, बंद झाला.

दरम्यान 1999 उजाडलं होतं. टोनी हॉकनं त्या जूनमध्ये 900, म्हणजे अडीच गिरक्या मारल्या आणि त्याच वर्षी त्याच्या नावाच्या मालिकेतला पहिला गेम, प्रो स्केटर, आला. उतरण्याचा नियम तोच, बोर्ड वाकडा तर पडलास. पण इथं पडलात तर उठायचं, दोन मिनिटांचा डाव संपला तर परत सुरू करायचा. मागं कुणी लागत नाही. छान गेम आहे, आमच्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये त्याचा दुसरा भाग भरपूर चालायचा. पण त्यात घाम फुटत नाही.

(दृश्य: बेज रंगाचा जुना डेस्कटॉप, सीडीचा ड्रॉवर उघडतो.)

आमच्यापर्यंत 720° आला तो असाच मागच्या दारानं. 1997 पासून मेम नावाचा एक इम्युलेटर इंटरनेटवर होता, आर्केड मशीनचं आख्खं पोट पीसीवर चालवणारा. काही वर्षांत ‘हजार गेम एका सीडीत’ अशा सीड्या रस्त्यावर विकायला आल्या. सीडीत गेमची नुसती यादी, चित्रं नाहीत. माझ्या मामेभावानं, दादानं, आकड्याचं नाव बघून हा उघडला. स्केटबोर्ड आम्ही कुणी जवळून पाहिलेला नव्हता. आमच्याकडे स्केटिंग म्हणजे पायाला पट्ट्यांनी बांधायची चार चाकं आणि सुट्टीतला क्लास.

कीबोर्डवर तो गेम म्हणजे निव्वळ छळ. किल्ली दाबली किंवा सोडली, मधलं काही नाही. पोरगं वळायचं ते झाडात, उडायचं ते पाठीवर. “स्केट ऑर डाय” ही आरोळी आम्हाला इतकी पाठ झाली की मामी स्वयंपाकघरातून ओरडायची, “मेला का रे तुमचा? मग जेवायला या.”

तोडगा दादानं काढला. सेटिंगमध्ये शिरून त्यानं वळणं माऊसवर टाकली. पण माऊस सरकवत नेला की दोन गिरक्यांआधी टेबल संपायचं. मग त्यानं माऊस उलटा केला. तेव्हाच्या माऊसच्या पोटात रबरी गोळा असायचा, तो अंगठ्यानं फिरवायचा. थांबवाल तिथं थांबतो, गरगरवाल तसा गरगरतो, आणि त्याला मध्य नाही!

अडचण एकच होती. उलटा माऊस धरायला दोन्ही हात लागायचे, मग रेटा आणि उडी कोण दाबणार?

“तू फक्त स्पेस दाब. मी सांगीन तेव्हा.”

“तू सांगेपर्यंत रॅम्प संपतो, दादा.”

“मग बघून दाब की!”

असा तो एका पोराला दोघांनी चालवायचा गेम झाला. एक गिरकी घेऊन चाकांवर उतरणं हळूहळू जमायला लागलं, स्लॅलममध्ये पदकंही आली. 720 मात्र त्या पीसीवर कधी झाला नाही. दुसऱ्या गिरकीच्या मध्यावर गोळ्यावरचा मळ अडकायचा, पोरगं आडवं उतरायचं, माश्या यायच्या, आणि मग गोळा काढून नखानं मळ खरवडता खरवडता उडी उशिरा कुणी दाबली यावरून भांडण.