रिकाम्या जागा भरा

सुरुवात पापणीपासून करतो. १९९५ च्या 'घोस्ट इन द शेल' या जपानी ॲनिमेशनपटातली मेजर कुसानागी पापणी जवळजवळ लववतच नाही. आज घरी गेलात की बघा. ॲनिमेशनमध्ये पापणी आपोआप लवत नाही, कुणाला तरी ती चितारावी लागते. दिग्दर्शक मामोरू ओशी यांनी ती मुद्दाम टाळली, कारण ही बाई त्यांना बाहुलीसारखी दिसायला हवी होती. शरीर सगळं बनवलेलं, आत मेंदू तेवढा माणसाचा. आणि तो तरी आपलाच कशावरून, हा तिचा प्रश्न.

२०१७ साली हॉलिवूडने हाच सिनेमा हाडामांसाच्या नटांना घेऊन केला. दिग्दर्शक रूपर्ट सँडर्स, मेजर स्कार्लेट जोहान्सन. आता जिवंत चेहऱ्यासमोर कॅमेरा धरला की श्वास, गळ्याची हालचाल, त्वचेचा पोत, सगळं फुकटात येतं. तुम्हाला नको असलं तरी येतं. बिचारी जोहान्सन यंत्रासारखी चालते, खांदे पाडून, पण ती माणूस आहे याबद्दल आपल्याला क्षणभरही शंका येत नाही. मग पुढे काय बघायचं?

मूळ सिनेमाच्या मध्यावर तीनेक मिनिटं काहीच घडत नाही. हाँगकाँगवरून बेतलेलं शहर, पाऊस, कालवा, केनजी कवाईंचं ते अंगावर काटा आणणारं समूहगान. नावेतून जाताना मेजर वर बघते, तर काचेमागे हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची एक बाई बसलेली. एका साच्यातून किती निघाल्या असतील? एक शब्द नाही. नाव पुढे सरकते.

नव्या सिनेमाने मुळातल्या उड्या उचलल्या, उथळ पाण्यातली मारामारी उचलली आणि ही शांतता भरून काढली. शाळेच्या पेपरात असतं ना, 'रिकाम्या जागा भरा', तसं. मेजरला भूतकाळ दिला, आई दिली, शेवटी थडगंसुद्धा दिलं.

जपानी पात्राला गोरी नटी का, यावर बरंच रान उठलं होतं. ओशींनी नटीची बाजू घेतली: शरीर मुळातच घेतलेलं आहे, त्याचा वंश कसला काढता? मुद्दा बिनतोड होता. पण पटकथेनेच त्यांना तोंडघशी पाडलं. शेवटाकडे कळतं, ही मुळात मोतोको कुसानागी नावाची जपानी मुलगी. तिचा मेंदू काढून या गोऱ्या देहात बसवलाय. वाद ज्याच्यावर, तेच कथेचं रहस्य! सुमारे अकरा कोटी डॉलर खर्चून हे केलं.

तरी एक आवृत्ती बघा असं सांगेन: जपानी डबिंगची. १९९५ मध्ये कुसानागीला आवाज दिलेल्या आत्सुको तानाका यांनीच बावीस वर्षांनी जोहान्सनच्या तोंडी आवाज दिलाय. आपल्याकडे याला परकायाप्रवेश म्हणतात. तानाका २०२४ मध्ये गेल्या. मी तो सिनेमा अर्ध्यावरून डोळे मिटून ऐकला.