मिनी पीसी घ्यावा का? घ्या, पण कपाटात कोंडू नका

नमस्कार मंडळी, सोलापुरातून बोलतोय. दिवाळीपासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय: "दादा, तो डब्याएवढा कॉम्प्युटर घेण्यासारखा आहे का?" कुणी नवी पेठेत बघून आलंय, कुणाच्या ऑफिसात आलाय. एकेकाला उत्तर लिहून बोटं दुखायला लागली, म्हणून आज बसून बोलू.

(हातात उचलून) हा बघा. आत प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि एक छोटा पंखा. स्क्रीन, कीबोर्ड, माऊस, कॅमेरा वेगळे घ्यायचे. बॅटरी नाही. मोठं ग्राफिक्स कार्ड बसत नाही, त्यामुळे जड गेम खेळणाऱ्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. टॅली, जीएसटी, मराठी टायपिंग, ऑनलाइन क्लास, घरचे फोटो, एवढं काम असेल, ते एकाच टेबलावर होत असेल आणि जुना मॉनिटर घरात पडून असेल, तर घ्या. विजेचंही सांगतो. माझा मिनी पीसी साध्या कामाला सरासरी 15 वॅट खातो, जुना टॉवर, म्हणजे उभ्या मोठ्या डब्याचा कॉम्प्युटर, 70 खायचा. रोज आठ तास धरले तर महिन्याला साडेतीन युनिट आणि सतरा युनिट, एवढा फरक.

आता ज्यासाठी कॅमेरा लावला ते. या डब्याला श्वास लागतो. हे मी आधीच्या दोन व्हिडिओत सांगितलंय, तरी लोक तो कोंडतात.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत ओळखीच्या एका अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. त्यांचा फोन आला, "अरे, सकाळी बरा चालतो, पण दुपारी दोननंतर टॅली उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. व्हायरस शिरलाय बघ." त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने विंडोज नव्याने टाकून पैसे घेतले, दुसऱ्याने रॅम वाढवायला सांगितली. मशीन उघडून कुणीच बघितलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

मी गेलो. मिनी पीसी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, वर कुलूप. चोरीला जाऊ नये म्हणून! बाहेर काढून झाकण उघडलं, तर पंख्याच्या तोंडाशी कापसाच्या तंतूंचा थर बसलेला. नखाने धरून ओढला तर अख्खा निघाला, टॉवेलचा तुकडा फाडून काढावा तसा. अण्णा बघतच राहिले. "हे तर आपलंच सूत!" म्हणाले.

प्रोसेसर तापला की आतली यंत्रणा त्याला जळू देत नाही, वेग कमी करते. बहुतेक इंटेल प्रोसेसरची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो आपणहून मंद होतो. म्हणून तुम्हाला वाटतं मशीन बिघडलं, व्हायरस आला. बिघडलेलं काही नसतं, त्याला गरम होतंय एवढंच. अण्णांच्या मशीनवर एचडब्ल्यूइन्फो नावाचं, प्रोसेसरचं तापमान दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर टाकलं होतं. साफ करायच्या आधी आकडा 98 होता. साफ करून, ड्रॉवरबाहेर ठेवून, तेच काम चालू ठेवलं तर 76.

दुसऱ्या बाजूने बघा. परदेशातले व्हिडिओ बघून तुम्ही म्हणता, "त्यांचा तर 70 वर चालतो." अहो, त्यांची खोली 25 अंशांची असते. पंखा खोलीतलीच हवा आत फेकतो, थंडावा काही तयार करत नाही. खोलीपेक्षा प्रोसेसर 45 अंशांनी गरम राहत असेल तर त्यांच्याकडे 70 होतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो, पत्र्याखाली बसलात तर विचारूच नका. 42 मध्ये तेच 45 मिळवा, झाले 87. म्हणजे मशीन नवंकोरं असताना आपण मर्यादेपासून तेरा अंशांवर आहोत. ड्रॉवरमध्ये कोंडलं की ते तेराही गेले. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीत घेतलेला मिनी पीसी झकास चालतो आणि उन्हाळ्यात रडतो, त्याचं कारण हे.

आणि तिसरं. "आमच्या जुन्या टॉवरला दहा वर्षं काही झालं नाही," असं एका काकांनी लिहिलंय. काका, बरोबर आहे. टॉवरमध्ये मोठा पंखा असतो, भरपूर मोकळी जागा असते, दोन बोटं धूळ बसली तरी हवा वाट काढते. इथे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमधल्या फटी जेमतेम मिलिमीटरभर. यंत्रमागाचं बारीक तूस तिथे अडकलं की वाटच बंद. पूर्व भागात घराघरात माग आहेत, अशा घरांनी तर दर दोन महिन्यांनी साफ करायला हवं.

साफ कसा करायचा? बंद करा, वायर काढा, झाकण उघडा, पंख्याची पाती काडीने धरून ठेवा आणि मऊ ब्रश किंवा हाताचा ब्लोअर फिरवा. पाती मोकळी सोडून हवा मारली तर पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि खराब होऊ शकतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको. त्या हवेत पाण्याचा अंश असतो.

एकाने विचारलंय, "एन 100 तर सहाच वॅटचा आहे, तो कशाला तापेल?" एन 100 हा इंटेलचा छोटा प्रोसेसर, सहा हा त्याचा कागदावरचा आकडा आहे. बऱ्याच कंपन्या त्याला जास्त वॅट देऊन पळवतात. कमी तापतो हे खरं, पण कोंडू नका हे त्यालाही लागू. मॉनिटरच्या मागे पट्टीवर लावलात तर हवा बाहेर पडायची जाळी भिंतीला चिकटणार नाही एवढं बघा. ॲपलचा 2024 चा मॅक मिनी घेणार असाल तर तो हवा खालूनच घेतो आणि खालूनच सोडतो. कृपा करून त्याच्याखाली चादर अंथरू नका. चादर आपल्या गावाची शान आहे, ती पलंगावर असू द्या.

खरेदीचं थोडक्यात. सेकंडहँड लेनोवो टायनी, डेल मायक्रो, एचपी मिनी असे ऑफिसातून आलेले मिनी पीसी बाजारात भरपूर मिळतात आणि मला ते आवडतात, कारण ऑफिसात वर्षानुवर्षं चालावेत म्हणूनच बनवलेले असतात. पण दुकानदार "आय 5 आहे" एवढंच म्हणाला तर पुढचा आकडा विचारा. 6500टी ही इंटेल प्रोसेसरची सहावी पिढी, 8500टी ही आठवी. विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले. त्यामुळे सहावी-सातवी पिढी स्वस्तात गळ्यात मारली जाते. विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे घेऊ शकतात, बाकीच्यांनी आठवीच्या खाली जाऊ नका. मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल तर मशीनच्या मागे काय आहे ते बघा. बऱ्याच जुन्या मॉडेलांना नुसता डिस्प्लेपोर्ट असतो. ऑनलाइन जाहिरातीत "बेअरबोन" लिहिलेलं असेल तर रॅम आणि एसएसडी त्यात नसते. 2025 च्या शेवटाला रॅमचे भाव चढले, त्यामुळे तो स्वस्त डबा शेवटी महाग पडू शकतो. बेरीज करूनच ऑर्डर द्या.

लाइट गेली तर? यूपीएस लागेल. वीज कमी लागत असल्यामुळे साधा 600 व्हीएचा यूपीएसही फाईल सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ सहज देतो. राउटरच्या छोट्या यूपीएसवर मिनी पीसी लावायची युक्ती कमेंटमध्ये फिरतेय. आधी दोन्हींवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. लेनोवो टायनीला 20 व्होल्ट लागतात, राउटरचा यूपीएस साधारण 12 देतो. जमणार नाही.

शेवटची कमेंट, जुळे सोलापुरातल्या एका ताईंची. त्यांची मुलगी जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर जाणार, पैसे वाचतात म्हणून मिनी पीसी द्यायचा विचार आहे. ताई, तिला लॅपटॉपच घ्या. लायब्ररीत बसायचं, वर्गात न्यायचं, सुट्टीत गाडीतून घरी आणायचं, हे डब्याने होणार नाही. तिला मॉनिटरसुद्धा नवा घ्यावा लागेल, म्हणजे वाचलेले पैसे तिथेच गेले. आणि घरी तुम्ही शिवणकामाचा हिशेब ठेवता असं लिहिलंय ना, त्यासाठी मात्र जुना आठव्या पिढीचा टायनी बघा. शिलाई मशीनपासून लांब, उघड्या टेबलावर ठेवा. चिंध्यांचं तूसही तितकंच वाईट.