हातमोजे न घालणारा गोलकीपर

हा ब्लॅक अँड व्हाइट फोटो जरा नीट बघा. बॉल जाळीत गेलाय आणि पोस्टपाशी गोलकीपर जमिनीवर पडलाय. त्याच्या हातात ग्लोव्हज नाहीत. तो कधी घालायचाच नाही, बॉल तळहाताला लागलेला कळला पाहिजे म्हणायचा. याचं नाव मोआसिर बार्बोसा, वास्को द गामा क्लबचा, आणि त्या काळातल्या जगातल्या सगळ्यात भारी कीपर्सपैकी एक.

तारीख 16 जुलै 1950, रिओचं माराकाना स्टेडियम. वर्ल्डकपची शेवटची मॅच, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. त्या वर्षी फायनल असा प्रकारच नव्हता, शेवटी चार टीम्सचा ग्रुप होता, आणि ब्राझीलने स्वीडनला 7-1, स्पेनला 6-1 असं धुतलेलं, त्यामुळे त्यांना आता नुसता ड्रॉ पुरेसा होता. तिकीट काढून आलेली माणसंच 1,73,850, आणि न मोजलेली धरली तर आकडा दोन लाखांच्या आसपास जातो. एका पेपरने तर मॅच व्हायच्या आधीच टीमचा फोटो छापून हेच जगज्जेते असं लिहून टाकलं होतं.

47व्या मिनिटाला ब्राझीलच्या फ्रियासाने गोल मारला आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. उरुग्वेचा कॅप्टन ओब्दुलिओ वारेला काय करतो, तर बॉल काखेत मारतो आणि सरळ जाऊन रेफ्रीशी वाद घालत बसतो. वेळ काढत होता तो, तेवढ्यात पब्लिकचा जोर जरा ओसरला.

66व्या मिनिटाला उरुग्वेचा गिजिया उजवीकडून पळत आला, क्रॉस टाकला, स्कियाफिनोने गोल केला, 1-1. अजूनही कप ब्राझीलचाच होता. मग 79वं मिनिट, परत तोच गिजिया, परत तीच उजवी बाजू, आणि बार्बोसाला वाटलं आता परत क्रॉसच येणार म्हणून तो पोस्टपासून जरासा पुढे सरकला. बस एवढंच. कुठलाही चांगला कीपर हेच करेल, मला तरी यात चूक दिसत नाही, तेरा मिनिटांपूर्वी त्याच्या डोळ्यांसमोर हेच घडलं होतं ना. पण गिजियाने क्रॉस टाकलाच नाही, पोस्ट आणि कीपरच्या मधल्या त्या फटीतून सरळ बॉल आत मारला. बार्बोसा नंतर सांगायचा की त्याला बॉलचा स्पर्श झाल्यासारखं वाटलं, कॉर्नर गेला असेल असं वाटलं, आणि मग स्टेडियम गप्प झालं तेव्हा मागे वळून बघायचं धाडस करावं लागलं.

मॅच 2-1. फिफाचे अध्यक्ष ज्यूल्स रिमे पोर्तुगीजमध्ये भाषण तयार करून आले होते ते तसंच राहिलं, कप त्यांनी गर्दीतच कसाबसा वारेलाच्या हातात दिला. आणि हा वारेला त्या रात्री रिओच्या बारमध्ये रडणाऱ्या ब्राझीलच्या लोकांबरोबर पीत बसला, त्यांचं दुःख बघून त्यालाच वाईट वाटायला लागलं. जिंकलेल्या माणसाला हरलेल्यांची दया आली, पण हरलेल्यांना आपल्याच माणसाची नाही आली.

खापर फुटलं तीन जणांच्या डोक्यावर, बार्बोसा आणि बचावफळीतले बिगोद आणि जुवेनाल. तिघेही काळे, आणि हा योगायोग होता असं मी तरी मानत नाही. बार्बोसा क्लबसाठी पुढे कितीतरी वर्षं खेळला, पण देशासाठी त्यानंतर फक्त एकच मॅच, 1953ला. वर्ल्डकपमध्ये ब्राझीलचा मुख्य कीपर म्हणून काळा माणूस परत उभा राहिला तो थेट 2006ला, दिदा.

वीसेक वर्षांनी एका दुकानात एक बाई आपल्या पोराला त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, बघ, अख्ख्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हाच. 1993ला तो राष्ट्रीय टीमच्या कॅम्पवर भेटायला गेला तर पनवती नको म्हणून आतच घेतलं नाही. बहात्तर वर्षांचा म्हातारा माणूस हो. तो म्हणायचा, ब्राझीलमध्ये जास्तीत जास्त शिक्षा 30 वर्षांची असते, मी मात्र न केलेल्या गुन्ह्याची 50 वर्षं भोगतोय.

आता त्याच माराकानावर या, 3 सप्टेंबर 1989. ब्राझील विरुद्ध चिली, वर्ल्डकप क्वालिफायर. चिलीला जिंकणं भाग होतं आणि ते 1-0ने मागे. स्टँडमधून एक पेटता फ्लेअर मैदानात पडला, त्या धुरात चिलीचा कीपर रोबेर्तो रोहास कोसळला, तोंडावर रक्त. टीमने त्याला उचलून आत नेलं आणि परत खेळायला आलेच नाहीत. पण एका फोटोग्राफरच्या फोटोंमध्ये स्पष्ट दिसलं की फ्लेअर त्याला लागलाच नव्हता. रोहासने ग्लोव्हमध्ये ब्लेड लपवून आणलं होतं आणि स्वतःच स्वतःला कापून घेतलं होतं. पुढे त्याने हे कबूलही केलं.

मॅच ब्राझीलला दिली, चिलीला 1994च्या वर्ल्डकपमधूनही बाहेर ठेवलं, रोहासवर आजन्म बंदी आली. करिअर संपलं त्याचं, आणि त्याचंही वाईट वाटतंच, टीमला वाचवायला माणूस कुठल्या थराला गेला बघा. पण त्याला पुढे काम कोणी दिलं माहितीये? ब्राझीलच्याच साओ पाउलो क्लबने, गोलकीपिंग कोच म्हणून. ज्या देशाला फसवायला गेला त्यांनीच उभं केलं त्याला, आणि मला ते मनापासून आवडलं. फक्त राहून राहून मला त्या ग्लोव्हज न घालणाऱ्या माणसाची आठवण येते, तो म्हातारपणी नोकरीही माराकानाच्याच आवारात करत होता, रोज त्याच जागी यायचं आणि जायचं.

बार्बोसा 7 एप्रिल 2000ला गेला, वय 79. त्या गोलला 50 वर्षं व्हायला तीन महिने बाकी होते.

रोहासवरची बंदी फिफाने पुढच्या वर्षी उठवली.